उडणारा आणि उडवलेला

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला लायब्ररीच्या पॅसेजमध्ये फोटो प्रदर्शन लागलं होतं, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. निदान मेसकडे जाता-जाता नजर तरी गेली असेल. डावीकडच्या बोर्डावर एक मोठा फोटो होता. सकाळचं सोनेरी पाणी, त्यावरून एकदम उठलेला बदकांचा थवा, पंखांवरून निथळणारे थेंब. खाली रिबिनीचं लाल फूल आणि 'प्रथम क्रमांक' अशी चिठ्ठी. तो फोटो माझा होता.

मित्रांनी पाठ थोपटली. रूम पार्टनरने पार्टी दिली (माझ्याच पैशाने!). घरी आईने तो फोटो मोबाइलवर अख्ख्या गल्लीला दाखवला. आणि आज मी मासिकाची ही पानं अडवतोय ती एवढंच सांगायला की त्या फोटोला बक्षीस मिळायला नको होतं. हा नम्रपणा नाही. नम्रपणा माझ्यात किती आहे ते आमच्या विंगमध्ये कुणालाही विचारा.

तर झालं असं. मी बोदवडचा. बोदवड कुठे असं विचारलं की आम्ही सगळे आधी भुसावळचं नाव सांगतो. भुसावळहून नागपूरकडे जाणारी जी लाइन आहे, तिच्यावरचा आमचा तालुका. काळी जमीन, कापूस, ज्वारी, मका, आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब. पक्ष्यांचे फोटो काढायचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा मला वाटलं, आपल्या गावात पाणीच नाही तर पक्षी कुठले? मग ठरवलं, हतनूरला जायचं.

हतनूरचं धरण तुम्ही पावसाळ्यात टीव्हीवर पाहिलं असेल. 'हतनूरचे ४१ दरवाजे उघडले' ही बातमी दरवर्षी ठरलेली. तापी आणि पूर्णा चांगदेवला एकत्र येतात आणि त्या संगमाच्या खालच्या अंगाला तापीवर हे धरण आहे. जलाशयात गाळ बराच साचलेला आहे. सिव्हिलवाल्यांसाठी ते मोठं दुखणं, पण पक्ष्यांचं गणित वेगळं असतं. काठ उथळ झाले की पाणवनस्पती वाढतात, किडे-गोगलगाई वाढतात, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या बदकांना नेमकं तेच हवं असतं. देशातल्या पक्ष्यांच्या महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत हतनूरचं नाव आहे, आणि वरणगावची चातक ही संस्था तिथं पक्षिगणना करत आली आहे.

हिवाळी परीक्षा संपल्यावर मी एका सीनियरचा जुना डीएसएलआर आणि ३०० एमएमची लेन्स मागून घेतली. वरणगावच्या मामेभावाला उठवलं आणि उजाडायच्या आत काठावर हजर. पाण्यावर दोन-तीनशे बदकं. काही मान पंखात खुपसून झोपलेली, काही शेपटी वर करून पाण्यात डोकं घातलेली. तासभर बसलो. एक उडेल तर शपथ! थंडीने बोटं आखडली, मामेभाऊ कुरकुरायला लागला. शेवटी मी त्याला म्हणालो, "मी तीन म्हटलं की ढेकूळ टाक आणि जोरात टाळ्या वाजव."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ते पॅसेजमध्ये पाहिलंय.

जे फोटोत दिसलं नाही ते असं. काठावर जाळं दुरुस्त करत एक बाबा बसले होते. थवा दूर जाऊन ठिपक्याएवढा झाला तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "कायले उडवतो रे भाऊ त्याइले? आता दुपारपर्यंत नाही उतरत ते इथं." मी हसलो. म्हणालो, "एकच फोटो हवा होता बाबा." ते पुन्हा जाळ्याकडे वळले.

हे बोलणं मी विसरूनही गेलो असतो. पण प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधले एक काका फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता कौतुक करणार. त्यांनी केलंही. म्हणाले, "फोटो मस्त आलाय रे. पण एक सांग, सगळ्यांच्या पाठीच कशा दिसतात? तू हाकललंस का त्यांना?"

मी परत फोटो पाहिला. खरंच की! शंभरएक बदकं, आणि एकाचाही डोळा दिसत नव्हता. सगळी शेपट्या माझ्याकडे करून पळत होती. परीक्षकांना ते दिसलं नाही, मला दिसलं नाही, आमच्या गल्लीलाही नाही. लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र एका नजरेत दिसलं. कुठला जॉब नीट झालाय आणि कुठला घाईत उरकलाय, हे ओळखायची त्यांना सवय असणार.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात या दोन शब्दांनी घर केलं, उडणारा आणि उडवलेला. मराठीत एवढ्याशा फरकाने केवढा अर्थ बदलतो बघा. आणि माझं मत, ज्यासाठी हा लेख, ते एवढंच आहे: उडत्या पक्ष्याचा फोटो ही कला आहे, पण पक्ष्याला उडवून काढलेला फोटो हा निव्वळ शॉर्टकट. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल छापतो ना आपण, तसा. मार्क मिळतात, पण येत काही नाही.

आता जरा हिशोब करू. शेवटी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत, आकडेमोड केल्याशिवाय पटत नाही. पक्षी ३० मीटरवर आहे, लेन्स ३०० एमएमची. म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा साधारण शंभरपट लहान. पक्षी समोरून आडवा जातोय, वेग धरा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. बदकासाठी हा वेग काही फार नाही. शटर १/२५० सेकंद ठेवलं तर तेवढ्या वेळात पक्षी ६ सेंटिमीटर सरकतो. सेन्सरवर ०.६ मिलिमीटर. एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर दीडशे पिक्सेलचा फराटा! शटर १/२००० केलं तर तोच फराटा १९ पिक्सेलवर येतो, आणि त्याच्याच वेगाने कॅमेरा फिरवत नेला तर पक्ष्याचं अंग अगदी स्वच्छ येतं. पंखाचं टोक मात्र अंगापेक्षा वेगळ्या गतीने वरखाली होत असतं, म्हणून ते थोडं पुसट येतं. येऊ द्यावं. त्यानेच तर उडणं कळतं.

पण या हिशोबातला खरा आकडा वेगळाच आहे. आपल्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ३० मीटरवर आपल्या फ्रेममध्ये जेमतेम २.३५ मीटर जागा मावते. कॅमेरा स्थिर धरला तर १५ मीटर वेगाचा पक्षी ती जागा ओलांडतो ०.१६ सेकंदात. आणि डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला ०.२ सेकंदाच्या आसपास लागतात. म्हणजे पक्षी दिसल्यावर बटण दाबलं तर तो गेलेला असतो! तो कधी आणि कुठे उडणार हे आधी कळलं पाहिजे. उडत्या पक्ष्याच्या फोटोग्राफीचं सगळं मर्म या अंदाजात आहे. मी ढेकूळ का मारलं? कारण मला अंदाज करता येत नव्हता. मला पक्षी येत नव्हता, म्हणून मी पक्ष्याला माझ्या टायमिंगवर आणलं.

आणि अंदाज करता येतो बरं का. पहिली गोष्ट वारा. विमानासारखेच पक्षीही उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याच्या दिशेला तोंड करतात. कारणही तेच, लिफ्टसाठी हवा समोरून यायला हवी. त्यामुळे वारा आणि सूर्य दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली, तर पक्षी आपसूक आपल्याकडे तोंड करून उठतो किंवा उतरतो. डोळा दिसतो. उडवलेल्या पक्ष्याचं बहुतेक वेळा उलट होतं. त्याला फक्त आपल्यापासून लांब जायचं असतं, म्हणून तो पाठमोरा. काकांना जे एका नजरेत दिसलं त्यामागे एवढं साधं फिजिक्स आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे खुणा. तलवार बदक आणि थापट्या हे पाण्यावरून जवळजवळ सरळ वर उसळतात. लालसरीसारखी बुडी मारणारी बदकं आणि वारकरी पक्षी पाण्यावर पाय आपटत लांब धावत जातात, तेव्हा कुठे हवेत जातात. म्हणजे कुठे फोकस ठेवायचा हे जातीवर ठरतं. बदकं उठायच्या आधी माना ताठ करतात, डोकी हलवायला लागतात. घार किंवा ससाणा पुढे झुकतो, अंग बारीक करतो आणि बऱ्याचदा शिटून हलका होतो. ही शेवटची खूण दिसली की बोट बटणावर ठेवायचं! हसू नका, अगदी भरवशाची खूण आहे.

हे सगळं मी शिकलो कुठे, तर बोदवडला. ज्या गावात 'पक्षी कुठले?' म्हणून मी नाक मुरडलं होतं तिथे. आमच्या शेताच्या बांधावरून विजेची तार जाते. तिच्यावर वेडा राघू बसतो. हा पक्षी तारेवरून झेपावतो, हवेतल्या हवेत माशी किंवा चतुर पकडतो आणि पुन्हा जवळपास त्याच जागी येऊन बसतो. पुन्हा झेप, पुन्हा तीच जागा. कोतवालाचंही तसंच. म्हणजे प्रॅक्टिकलला एकच रीडिंग दहा वेळा घ्यायची सोय! जागा ठरलेली, अंतर ठरलेलं, फक्त वेळ ओळखायची. त्याच शिवारात कापशी घार असते. ती वाऱ्याकडे तोंड करून एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबते आणि खालचा उंदीर बघते. उडतोय आणि तरी एका जागी आहे, असा दुसरा मॉडेल कुठे मिळणार?

दिवाळीच्या सुटीत मी तीन सकाळी बांधावर बाभळीच्या आडोशाला बसून काढल्या. पहिल्या दिवशी तारेचे आणि आभाळाचे झकास फोटो आले, पक्षी एकाही फोटोत नाही. दुसऱ्या दिवशी शेपट्या आल्या. तिसऱ्या दिवशी एक फ्रेम आली. राघू तारेकडे परत येतोय, चोचीत चतुर, पंख पूर्ण उघडलेले आणि डोळा थेट माझ्याकडे. थोडा सॉफ्ट आहे, खरं सांगतो. पण मी त्या तारेखालून निघून आलो तेव्हाही राघू तिथेच बसलेला होता. हतनूरला मी निघालो तेव्हा पाणी रिकामं होतं.

आता कुणी म्हणेल, एक ढेकूळ मारलं तर एवढं काय झालं? बदकं उडाली, परत आली. हा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. उत्तर असं आहे की पंख मारत उडणं हे पक्ष्याचं सगळ्यात खर्चिक काम. बसून असताना जेवढी ऊर्जा लागते तिच्या दहापटीच्या घरात उडताना लागते. महाराष्ट्रातल्या जलाशयांवर हिवाळ्यात पट्टकादंब हंस येतात, ते मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून. त्यांच्या पाठीवर यंत्रं बसवून अभ्यास झालाय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीत एक हंस ७,२९० मीटर उंचीपर्यंत गेलेला आढळला. एवढं अंतर तोडून आलेल्या पाहुण्याला परत जायचं असतं, तेही चरबी साठवून. हिवाळाभर तो तेच काम करत असतो, खाणं आणि विसावा. आपण रात्रीच्या ट्रेनने जनरलच्या डब्यात उभ्याने आलो आणि रूमवर येऊन डोळा लागतो न लागतो तोच कुणी दार बडवलं, की आपण काय-काय बोलतो? आणि एकदाच बडवलं तर ठीक. रविवारी काठावर माझ्यासारखे दहाजण आले आणि प्रत्येकाने 'एकच फोटो' काढला तर?

दुसरा प्रकार तर याहून वाईट आहे आणि तो आपल्याला कळतही नाही. टिटवी सगळ्यांनी पाहिली आहे. उन्हाळ्यात ती उघड्या पडीक जमिनीत, ढेकळांत आणि खड्यांत अंडी घालते. आपण चुकून जवळ गेलो की ओरडत येऊन डोक्यावर झेप घेते. कॅमेरावाल्याला वाटतं, वा, लॉटरी लागली! एवढ्या जवळून, तोंड समोर, पंख उघडलेले. माझ्या काकांनी दिलेल्या कसोटीवरसुद्धा हा फोटो पास होतो, कारण इथे डोळा दिसतो. पण ती आपल्याला पोझ देत नसते. ती अंड्यांवरून उठलेली असते. आणि भुसावळ-बोदवडकडचं मे महिन्याचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला वेगळं सांगायला नको. त्या उन्हात अंडी उघडी पडली तर आतला जीव शिजायला किती वेळ लागेल? टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. नदीच्या वाळूवर अंडी घालणारा नदी सुरयसुद्धा हेच करतो. आपण तिथे दहा मिनिटं उभे राहून बर्स्ट मारत राहिलो तर तेवढा वेळ अंड्यांवर सावली नाही. म्हणून पाठमोरा-समोरचा हा नियम अर्धाच आहे. खरा प्रश्न एकच, तो पक्षी का उडाला?

कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उघडून बघा. त्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात मारणं आणि पकडणं तर आहेच, पण हाकणं आणि आमिष दाखवणंही आहे. पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही त्यातच येतं. मी काठावर जे केलं ते कोर्टात कोणत्या कलमात बसेल ते वकील सांगतील. पण कायदा लिहिणाऱ्यांना हाकणं हे शिकारीच्या शेजारी ठेवावंसं वाटलं, हे वाचून मला कानकोंडं झालं. नाहीतरी फोटोग्राफीची भाषा शिकाऱ्याचीच आहे. आपण 'शूट' करतो, 'शॉट' घेतो, घरी येऊन 'किती मिळाले' ते मोजतो.

गंमत म्हणजे उडत्या पक्ष्याचा कॅमेरा खरोखरच बंदुकीच्या रूपात जन्माला आला. एतिएन-ज्यूल मारे नावाचा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होता. त्याने १८८२ साली बंदुकीसारखा खांद्याला लावायचा कॅमेरा बनवला. घोडा दाबला की एका सेकंदात १२ फोटो, प्रत्येकाला उजेड १/७२० सेकंद. दीडशे वर्षं होत आली या गोष्टीला! जर्मनीत ओटोमार आन्शुट्झने १८८४ मध्ये उडत्या करकोच्यांचे फोटो काढले. त्याच काळात ओटो लिलिएंथाल हा इंजिनिअर करकोच्यांच्या उडण्याचा अभ्यास करत होता. पक्ष्यांचं उड्डाण हाच विमानविद्येचा पाया, असं सांगणारं पुस्तक त्याने १८८९ मध्ये काढलं आणि पुढे स्वतः ग्लायडर घेऊन उडाला. म्हणजे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकातल्या एअरफॉइलमागे कुठेतरी करकोच्याचा पंख आहे. या लोकांना पक्षी कसा उडतो हे जाणून घ्यायचं होतं. फोटो हे त्यांचं साधन होतं, ट्रॉफी नव्हती.

आजही असे फोटो कामाला येतात. हिवाळ्यात आमच्याकडच्या कापसाच्या आणि हरभऱ्याच्या शेतांवरून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी अगदी खालून तरंगत जातात. त्यांच्यात माँटेग्यू आणि पॅलिड अशा दोन जाती आहेत. त्यांच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अवघड. उडतानाचा स्वच्छ फोटो असेल, पंखाची खालची बाजू आणि टोकाची पिसं दिसत असतील, तर नेमकं सांगता येतं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल आला, तो तीस हजारांहून जास्त पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि शिकारी पक्षी व स्थलांतर करणारी बदकं कमी होत चालल्याचंही त्यात म्हटलंय. माझ्या फोटोतली बदकं अशी होती, आधीच कमी होत चाललेली. माझा फोटो मात्र कुठल्याही नोंदीत बसण्याच्या लायकीचा नव्हता. पाठीवरून नीट जातसुद्धा सांगता येईना!

काही मित्रांनी माझ्याशी वाद घातला, त्याचंही उत्तर देतो. एकजण म्हणाला, "शेतकरी हाकतो, मासेमार होडी घालतो, ट्रॅक्टर जातो, मग आपल्यालाच का सांगतोस?" मुद्दा बरोबर आहे. पण मासेमाराचं पोट त्यावर आहे, आणि त्याची होडी रोज त्याच वाटेने जाते. पक्षी तिला सरावतात. बगळे तर नांगरामागे चालतात. सरळ त्यांच्या रोखाने, दबकत येणारा अनोळखी माणूस मात्र त्यांना शिकाऱ्यासारखा वाटतो. कसा वाटणार नाही? दुसरा म्हणाला, "नवा कॅमेरा घे, सगळं सोपं होईल." खरंय, २०२० नंतरचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून फोकस धरून ठेवतात, आणि सेकंदाला वीस-वीस फ्रेम काढतात. आमचे एक सर सांगतात की त्यांच्या वेळी रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि प्रत्येक बटणाला खिशातून पैसे जायचे, त्यामुळे बोटापेक्षा डोकं जास्त चालायचं. नवा कॅमेरा वाईट आहे असं नाही. पण तो फोकसचा प्रश्न सोडवतो. पक्षी का उडाला, हा प्रश्न तो सोडवत नाही. आणि तिसरा म्हणाला, "मग काय फोटोच काढू नये?" अरे, काढ की! मी तर म्हणतो जास्त काढ. फक्त थोडं लवकर ऊठ आणि थोडं जास्त बस.

तर आता मुद्द्याची गोष्ट. गॅदरिंग जवळ आलंय, पुन्हा प्रदर्शन लागेल. आयोजन समितीतल्या मित्रांना आणि सरांना माझ्या तीन विनंत्या आहेत.

एक, पक्ष्यांच्या फोटोच्या फॉर्मवर तीन ओळी वाढवा. कुठे आणि कधी काढला, अंदाजे किती अंतरावरून, आणि पक्षी का उडाला. खोटं लिहिणारा लिहील, मान्य. अटेंडन्सच्या प्रॉक्सीचा देश आहे आपला. पण एकदा हा प्रश्न छापील फॉर्मवर आला की निदान काठावर ढेकूळ उचलताना तो आठवेल. मला तो कुणी विचारलाच नव्हता.

दोन, घरट्याचे, अंड्यांचे आणि पिलांचे फोटो स्पर्धेला घेऊच नका. ते कितीही सुंदर असोत. एकाला बक्षीस मिळालं की पुढच्या वर्षी दहाजण घरटी शोधत फिरतात.

तीन, हतनूर, ताडोबा, भरतपूर यांच्याबरोबरच 'आपला कॅम्पस' असा एक वेगळा गट ठेवा. हॉस्टेलच्या गच्चीवरून मेसच्या मागे घिरट्या घालणारी घार रोज संध्याकाळी दिसते. टाकीजवळच्या कडुलिंबावर पोपटांची शाळा भरते. या पक्ष्यांना आपली सवय आहे, त्यांना हाकलायची गरज नाही, आणि त्यासाठी महागडी लेन्सही लागत नाही. ज्याच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यालाही भाग घेता येईल. मुहूर्तही तयार आहे. आपल्या राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारीख मारुती चितमपल्लींची जयंती, १२ तारीख डॉ. सलीम अलींची. चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्यातली नोकरी करता-करता त्यांनी पक्ष्यांची नावं मराठीत गोळा केली, म्हणून आज मला या लेखात इतके मराठी शब्द सापडले. आणि सलीम अलींची सुरुवात तर लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाली. गळ्यावर पिवळा डाग असलेली ती चिमणी कुठली हे विचारायला ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये गेले आणि तिथून पुढे सगळं आयुष्य बदललं. ढेकूळ मारणाऱ्यालाही सुधारायला वाव आहे, असा मी त्याचा माझ्यापुरता सोयीस्कर अर्थ काढलाय!

आणि माझ्या त्या प्रथम क्रमांकाचं काय? प्रमाणपत्र मी समितीकडे परत दिलंय. सर म्हणाले, "अरे, एवढं कशाला मनावर घेतोस, नियम थोडाच मोडलास?" बरोबर आहे, नियमच नव्हता. तो करा एवढंच म्हणतोय.

या डिसेंबरमध्ये मी पुन्हा हतनूरला जाणार आहे. मामेभावाला सांगून ठेवलंय की टाळ्या वाजवायच्या नाहीत, थर्मासमध्ये चहा आणायचा. वारा पाठीशी घेऊन बसू. उडाले तर उडाले. नाही उडाले तर जाळं विणणारे ते बाबा भेटतील बहुतेक. त्यांना एक उत्तर द्यायचं राहिलंय.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी